'उरी' म्हणजे कोण? कोरियात राहणाऱ्या परक्याचा प्रश्न

आजचा विषय कोरिया. म्हणजे दक्षिण कोरिया, आणि तिथे जाऊन राहणारा, फिरणारा, तिथल्या लोकांत मिसळू पाहणारा परका माणूस. हा विषय घेण्याचं एक कारण उघड आहे. रांजणगाव, तळेगाव ह्या भागात कोरियन कंपन्यांचे कारखाने आले, आपल्याकडची मुलं कोरियन शिकू लागली, कोणी नोकरीला, कोणी शिकायला तिकडे गेली. घरोघरी कोरियन मालिका चालतात ते वेगळंच. ह्या मुलांच्या तोंडी एक वाक्य आम्ही बरेचदा ऐकतो: "आम्हाला त्या संस्कृतीत पूर्ण बुडून जायचंय." चांगली गोष्ट आहे. पण आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे मास्तर, त्यामुळे आम्हाला लगेच प्रश्न पडतो, की बुडायचं म्हणजे नेमकं काय करायचं? किमची खाल्ली, भाषा शिकलो, हानबोक घालून राजवाड्यात फोटो काढला, म्हणजे माणूस आत गेला का? आणि 'आत' म्हणजे कुठे?

ह्या प्रश्नाचं दार एका छोट्या शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'उरी'. अर्थ, 'आम्ही' किंवा 'आपण'.

आता मराठी माणसाला इथे एक सोय आहे, जी इंग्रजी बोलणाऱ्याला नाही. आपल्याकडे दोन शब्द आहेत. 'आम्ही जेवायला चाललोय' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहिला. 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं की ऐकणारा आत आला. एका शब्दात आमंत्रण आहे, दुसऱ्यात नाही. कोरियनमधला 'उरी' ही दोन्ही कामं करतो. ऐकणारा त्यात आहे की नाही, हे शब्दावरून कळत नाही, प्रसंगावरून कळतं. शिवाय तो आपल्यापेक्षा फार जास्त वापरला जातो. कोरियन माणूस 'माझं घर' सहसा म्हणत नाही, 'उरी जिप' म्हणतो, आमचं घर. 'माझी आई' नाही, आमची आई, मग तो एकुलता एक का असेना. बायको नवऱ्याबद्दल बोलतानाही 'उरी नामप्यॉन' म्हणते, शब्दशः 'आमचा नवरा'! नवख्या माणसाला हसू येतं. पण ह्यात वाटेकरी कोणी नसतात. म्हणायचं एवढंच असतं, की ही माणसं माझ्या मालकीची नाहीत, मीच त्यांच्यातला एक आहे. आपणही 'आमच्या घरी', 'आमची आई' म्हणतोच, तेव्हा हे आपल्याला अगदीच अनोळखी नाही.

ह्याच शब्दाचा एक नम्र भाऊ आहे, 'जोही'. मोठ्यांशी किंवा गिऱ्हाइकाशी बोलताना स्वतःकडे कमीपणा घेऊन 'आम्ही' म्हणायचं असेल, तर 'जोही' म्हणतात. ह्यात ऐकणारा कधीच नसतो. गंमत अशी की देशाबद्दल बोलताना मात्र 'जोही' चालत नाही. 'आमचा देश' हा 'उरी नारा'च. तिथे कमीपणा घ्यायचा नसतो.

म्हणजे बघा, परक्या माणसाचा प्रश्न आता नेमका झाला. तो ह्या 'उरी'त कधी येतो? येतो तरी का?

ह्याच्या आधी एक पायरी आहे. कोरियात माणूस माणसाला भेटतो, तेव्हा पहिल्यांदा नातं ठरावं लागतं, मगच बोलणं सुरू होतं. हे आम्ही सजवून सांगत नाही, हे व्याकरण आहे. मराठीत तू-तुम्ही-आपण आहे, 'ये' आणि 'या' आहे. पण 'पाऊस पडतोय' हे वाक्य आपण नातवाला सांगू तसंच साहेबांनाही सांगू. त्या वाक्यात ना नातू आहे, ना साहेब. कोरियनमध्ये तसं होत नाही. पाऊस पडतोय एवढंच सांगायचं, तरी क्रियापदाचा शेवट ऐकणाऱ्याप्रमाणे बदलतो. मित्राला 'वा', जरा आदराने 'वायो', औपचारिक प्रसंगी 'ओम्निदा'. पावसाशी ऐकणाऱ्याचा काही संबंध नाही, तरी त्याचं स्थान ठरवल्याशिवाय वाक्य पुरं करता येत नाही. आणि कोरियन वाक्यात क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. म्हणजे प्रत्येक वाक्याच्या शेवटी पुन्हा एकदा सांगायचं, तुम्ही माझे कोण ते.

म्हणून वय विचारतात. परक्या पाहुण्याला पहिल्या भेटीतच "तुमचा जन्म कोणत्या सालचा?" असं विचारलं की पाश्चात्त्य माणूस दचकतो. पण त्याशिवाय समोरच्याला कसं बोलायचं हे ठरत नाही. समवयस्क म्हणजे मित्र, एखाद्या वर्षाने मोठा म्हणजे थोरला भाऊ किंवा बहीण. कॉलेजात, कचेरीत आधी आलेला तो 'सॉनबे', मागून आलेला तो 'हूबे'. 'तुम्ही' ह्या अर्थाचं सर्वनाम समोरासमोर फारसं वापरत नाहीत. हुद्दा, नातं किंवा 'सॉनसेंगनिम' म्हणजे गुरुजी असं काहीतरी म्हणून हाक मारतात. वय मोजायची जुनी रीत तर आणखी मजेशीर होती. जन्मतःच मूल एक वर्षाचं, आणि १ जानेवारीला सगळ्यांचं वय एकदम वाढायचं. ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! २८ जून २०२३ पासून कायद्याने आणि सरकारी कामकाजात आंतरराष्ट्रीय पद्धतीचं वय धरलं जाऊ लागलं. पण कायदा कागदावरचं वय बदलतो. कोण कोणापेक्षा मोठा, हा प्रश्न तो पुसत नाही.

आता ह्या चौकटीत परका माणूस येतो. तो कुठे बसतो? सुरुवातीला कुठेच नाही. त्याला तिथे 'वेगुगिन' म्हणतात, बाहेरच्या देशाचा माणूस. आणि त्याला सूट मिळते. त्याने एका हाताने पेला पुढे केला, कोणी काही म्हणत नाही. मोठ्यांच्या आधी चमचा उचलला, सगळे हसून सोडून देतात. दोन वाक्यं कोरियन बोलला, की "किती छान बोलता!" ही वाहवा ठरलेली. हांगुल लिपी तर तो आठवड्याभरात वाचायला लागतो. राजा सेजोंगने १४४३ मध्ये ती रचली आणि १४४६ मध्ये लोकांसमोर ठेवली. उच्चाराच्या वेळी जीभ, ओठ, घसा जसे असतात त्यांवरून तिच्या मूळ व्यंजनांचे आकार बेतलेले आहेत. कंठ्य, तालव्य, दंत्य ह्या क्रमाने वर्णमाला शिकलेल्या आपल्या मुलांना त्यामागची बुद्धी चटकन दिसते. पाट्या वाचता आल्या, की वाटतं, आपण पोहोचलो.

पण सूट म्हणजे काय, हे नीट पाहा. सूट ही सभ्यता आहे, आणि त्याच वेळी ती भिंतही आहे. ज्याच्याकडून अपेक्षा नाही, त्यालाच सूट मिळते. घरच्या मुलाला आपण म्हणतो, "अरे, आधी आजोबांना वाढ." पाहुण्याच्या मुलाला म्हणत नाही. पाहुण्याचं मूल लाडकं असेल, पण ते घरचं नाही. तेव्हा कोरियात राहणाऱ्या परक्याला आम्ही एक खूण सांगू. ज्या दिवशी कोणी तुम्हाला पहिल्यांदा टोकेल, "असं नाही, दोन्ही हातांनी द्यायचं," त्या दिवशी वाईट वाटून घेऊ नका. त्या माणसाने तुम्हाला 'उरी'च्या उंबऱ्यावर घेतलं आहे.

हे नुसतं तर्काने सांगत नाही, इतिहासात ह्याची फार बोलकी उदाहरणं आहेत. १६५३ मध्ये 'स्पेरवेर' नावाचं डच जहाज वादळात सापडून जेजू बेटावर फुटलं. ६४ माणसांपैकी ३६ वाचली. त्यांत हेंड्रिक हामेल नावाचा हिशेबनीस होता. त्या काळचं जोसॉन राज्य परक्यांना परत जाऊ देत नसे. ह्या लोकांशी बोलायला राजधानीतून एक माणूस आला, लाल दाढीचा, कोरियन पोशाखातला. तो निघाला डचच! यान वेल्तेव्रे हे त्याचं नाव. १६२७ मध्ये पाणी भरायला किनाऱ्यावर उतरला आणि पकडला गेला. पुढे तो तोफा-बंदुकांच्या कामात राजाच्या सैन्यात रुजू झाला, तिथेच लग्न केलं, मुलं झाली, पाक यॉन हे नाव घेतलं. हामेलने लिहून ठेवलंय, की हा माणूस आपली मातृभाषा जवळजवळ विसरला होता.

दोघं एकाच देशाचे, एकाच परिस्थितीत सापडलेले. हामेल १३ वर्षं राहिला, आणि १६६६ मध्ये सात सोबत्यांसह होडीतून जपानला निसटला. त्याने लिहिलेला वृत्तान्त १६६८ मध्ये छापला गेला, आणि युरोपला कोरियाची पहिली सविस्तर ओळख त्यातून झाली. वेल्तेव्रे परतला नाही, आणि त्याने काही लिहिल्याचं आपल्यापर्यंत आलेलं नाही. जो बाहेर राहिला त्याने पाहिलं आणि सांगितलं. जो आत गेला तो आत विरघळला. बुडून जायचंय म्हणणाऱ्या मुलांनी हे जरूर लक्षात घ्यावं. खरोखर बुडालेल्याची किंमत वेल्तेव्रेने मोजली. त्याची भाषाच गेली. अर्थात ह्यात त्याची निवड किती आणि सक्ती किती, हे विसरून चालणार नाही.

मग तिसरी वाट आहे का? आम्हाला वाटतं, आहे. होमर हल्बर्ट नावाचा अमेरिकन तरुण १८८६ मध्ये सरकारी इंग्रजी शाळेत शिकवायला सोलला आला. त्याने हांगुल शिकून त्याच लिपीत मुलांसाठी जगाच्या भूगोलाचं पुस्तक लिहिलं. तेव्हाचे विद्वान चिनी अक्षरांतच लिहिण्यात भूषण मानत, हे ध्यानात घेतलं म्हणजे ह्या गोष्टीचं वजन कळतं. जपानने कोरिया गिळायला सुरुवात केली, तेव्हा राजा गोजोंगच्या वतीने तो कोरियाची बाजू घेऊन परदेशात धावला. १९४९ मध्ये म्हातारपणी परत आला, थोड्याच दिवसांत तिथेच वारला, आणि सोलच्या यांगह्वाजिन दफनभूमीत त्याला पुरलं. हल्बर्ट शेवटपर्यंत अमेरिकनच राहिला, भाषा सोडली नाही, नाव बदललं नाही. पण कोरियाचं दुःख त्याने आपलं काम मानलं. हामेलने कोरियाचं वर्णन केलं, वेल्तेव्रे कोरियन झाला, हल्बर्टने कोरियासाठी जबाबदारी घेतली. आमच्या मते 'उरी'त शिरण्याचं खरं दार ते आहे.

एवढी मोठी जबाबदारी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, हे खरं. पण रोजच्या जगण्यात तिची लहान रूपं असतात. कोरियन जेवणात भात आणि सूप प्रत्येकाचं वेगळं, बाकीच्या भाज्या-लोणची, ज्यांना 'बान्छान' म्हणतात, ती मध्ये, सगळ्यांची. दारूचा पेला स्वतः भरायचा नाही, शेजाऱ्याचा भरायचा. आपला कोणीतरी भरतो. मोठ्यांसमोर पिताना तोंड जरा बाजूला वळवायचं. पाहणाऱ्याला हे शिष्टाचार वाटतात. पण अर्थ बघा: माझ्या पेल्याची काळजी तुझी, तुझ्या पेल्याची माझी. त्यासाठी शेजाऱ्याकडे लक्ष हवं. ह्या लक्षाला ते 'नुन्छी' म्हणतात, शब्दशः डोळ्याचं माप. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे न विचारता ओळखणं. नुन्छी कोणाची 'तेज' असते, कोणाला ती 'नसतेच'. आपल्याकडेही "ह्याला काही कळतच नाही" असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो, त्याच्यात अकलेची कमतरता नसते, नुन्छीची असते.

आणि अशा रोजच्या देण्याघेण्यातून जे साचतं, त्याला म्हणतात 'जोंग'. भाषांतरकार ह्या शब्दापुढे हात टेकतात. मराठीत मात्र त्याच्या बराच जवळ जाणारा शब्द आहे, लळा. लळा ठरवून लावता येत नाही, तो लागतो, आणि त्याला वेळ लागतो. कोरियन लोक तर भांडणातून लागणाऱ्या लळ्यालाही वेगळं नाव देतात. वर्षानुवर्षं कुरबुर चाललेल्या शेजारणीची बदली झाली की चुकल्यासारखं होतं ना, तो. तीन आठवड्यांच्या सहलीत सगळं मिळेल, जोंग मिळणार नाही.

इथे कोणी विचारील, एवढ्या लहान-मोठेपणाच्या चौकटीत माणसाचा श्वास कोंडत नाही का? कोंडतो. तिथली तरुण पिढीही त्याबद्दल तक्रार करते, आणि ती तक्रार खोटी नाही. पण ह्या चौकटीची दुसरी बाजू समजायला हजार वॉनची नोट काढून पाहा. तिच्यावर राजा नाही, सेनापती नाही, तत्त्वज्ञ आहे, तोएग्ये ई ह्वांग, १६व्या शतकातला. तोएग्ये राष्ट्रीय विद्यापीठाचा प्रमुख राहिलेला. त्याच्याहून २६ वर्षांनी लहान, नुकताच परीक्षा उत्तीर्ण झालेला गी देसुंग नावाचा तरुण त्याला पत्र लिहून कळवतो, की आपलं म्हणणं पटत नाही. प्रश्न असा होता: करुणेसारख्या नैतिक भावना आणि राग-लोभासारख्या साध्या भावना, ह्यांचा उगम एकच की वेगवेगळा? १५५९ पासून जवळपास आठ वर्षं हा पत्रव्यवहार चालला. भाषा दोघांचीही नम्र, मुद्दा मात्र कोणी सोडत नाही. आणि थोरल्याने धाकट्याच्या आक्षेपावरून आपली मांडणी बदलली. म्हणजे स्थान ठरलेलं असलं तरी सत्य स्थानावरून ठरत नाही. उलट स्थान ठरलेलं होतं म्हणूनच मतभेद निर्भयपणे करता आला, असंही म्हणता येईल.

आता प्रवाशाकडे वळू. सोलमध्ये दोन राजवाड्यांच्या मध्ये बुकछोन नावाची जुनी वस्ती आहे, कौलारू 'हानोक' घरांची. लोक तिथे 'अस्सल कोरिया' पाहायला जातात. पण ती राहती घरं आहेत. लोक दारातून डोकावत, पहाटेपासून बॅगा घरघरवत फिरत. शेवटी नोव्हेंबर २०२४ पासून तिथल्या एका भागात पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढीच वेळ ठेवली, आणि पुढे मोडणाऱ्याला दंडही लावला. दुसऱ्याच्या 'उरी जिप'मध्ये न विचारता शिरणं, ह्याला बुडणं म्हणत नाहीत. ह्याच्या उलट, बौद्ध मठांत राहण्याची सोय आहे, 'टेंपलस्टे'. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी ती सुरू झाली. तिथे पहाटे उठायचं, काही ठिकाणी १०८ नमस्कार घालायचे. मठातलं पारंपरिक जेवण मुकाट्याने जेवायचं, वाडग्यात शीत ठेवायचं नाही, वाडगं धुतलेलं पाणीही प्यायचं. दोन्हीकडे परका प्रवासीच आहे. एका ठिकाणी तो फक्त पाहतो, दुसऱ्या ठिकाणी त्याच्यावर नियम लागू होतात. आमचा सल्ला असा, की जिथे तुमच्यावर काही बंधन येईल अशा जागा शोधा.

पण सगळा भार परक्यावर टाकला तर आम्ही अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. दार दोन्ही बाजूंनी उघडावं लागतं. २०२३ च्या अखेरीस कोरियात २५ लाखांहून अधिक परदेशी राहत होते, लोकसंख्येच्या जवळपास ५ टक्के. ते सगळे काही मालिका पाहून आलेले नाहीत. २००४ पासूनच्या रोजगार परवाना पद्धतीतून नेपाळ, बांगलादेश, व्हिएतनाम, इंडोनेशिया अशा देशांतली माणसं लहान कारखान्यांत, शेतांवर, मासेमारीवर राबतात, आणि मालक बदलण्यावर त्यांना कडक मर्यादा आहेत. जबाबदारी उचलायची म्हणाल, तर ती ह्यांनी उचललेली आहेच. अंगमेहनत त्यांची आहे, 'उरी' मात्र क्वचितच. २०१८ मध्ये सुमारे ५०० येमेनी लोक आश्रय मागत जेजू बेटावर उतरले, त्याच बेटावर, जिथे हामेलचं जहाज फुटलं होतं. त्यांच्या विरोधातल्या अर्जावर ७ लाखांहून अधिक सह्या झाल्या. शेवटी निर्वासित म्हणून मान्यता फक्त दोघांना मिळाली, ४०० हून अधिक जणांना मानवतेच्या आधारावर तात्पुरतं राहू दिलं.

ह्याच्या मुळाशीही तो शब्द आहे. तिथल्या प्रमाण कोशात 'उरी नारा'चा अर्थ 'आपल्या हान वंशाच्या लोकांनी उभारलेला देश' असा दिलेला आहे. मग व्हिएतनामहून लग्न करून आलेली, नागरिकत्व घेतलेली आई आपल्या मुलाला 'उरी नारा' कसं शिकवणार? बदल होतोय, नाही असं नाही. २००७ मध्ये झेंड्यापुढच्या प्रतिज्ञेतून 'मातृभूमी आणि वंश' ह्या अर्थाचे शब्द काढून 'स्वतंत्र आणि न्यायी कोरिया प्रजासत्ताक' असे शब्द घातले. २००८ मध्ये बहुसांस्कृतिक कुटुंबांसाठी कायदा आला. प्रतिज्ञा एका आदेशाने बदलते, शब्दाच्या पोटातला अर्थ बदलायला पिढ्या लागतात.

तर बुडून जाणं म्हणजे काय? आमच्यापुरतं उत्तर असं आहे. एखाद्या संस्कृतीत किती गोष्टी चाखल्या, ह्यावरून माणूस किती आत गेला ते कळत नाही. तिथे कोणी आपल्यावर विसंबून आहे का, आणि आपण चुकलो तर कोणी आपल्याला टोकतं का, ह्या दोन प्रश्नांवरून कळतं. आणि यजमान समाजासाठी प्रश्न एकच: जो आपला पेला भरतोय, त्याचा पेला कोण भरतंय?

हा प्रश्न फक्त कोरियाला आहे असं समजून उठू नका. आमच्या भाषेला 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत, म्हणजे ऐकणाऱ्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं, हे आम्हाला प्रत्येक वाक्यात निवडावं लागतं. कोरियन माणसाला निदान शब्दाच्या संदिग्धतेआड लपता येतं. मराठी माणसाला तीही सोय नाही.

आता प्रश्न घेऊ या.